गोचीड व पिसू : अपकर्षण, प्रकृतिविघात आणि निदानपरिवर्जन

प्रास्ताविक

पावसाळा सरत आला की आमच्या चिकित्सालयात एक प्रश्न हमखास येतो. रुग्ण स्वतःच्या तक्रारी सांगून संपवितो आणि उठता उठता विचारतो, "डॉक्टर, कुत्र्याच्या अंगावर गोचिडी झाल्यात, घरात पिसवा चावतात. एखादा धूप-लेप सांगा ना." वैद्य हा कुटुंबाचा सल्लागार असल्याने हा प्रश्न त्याच्याकडे येणे स्वाभाविक आहे. आम्हीही अनेक वर्षे वेखंड, कडुनिंब, करंजतेल आणि गुग्गुळाचा धूप असे ठरलेले उत्तर देत आलो.

एका प्रसंगाने आम्हांस या उत्तराचा फेरविचार करावा लागला. एका कुटुंबास आम्ही कुत्र्याच्या अंगास लावण्यासाठी करंजतेलात कापूर मिसळून दिला होता. घरातील बाईंनी उरलेले तेल मांजरासही चोळले. मांजराने स्वभावानुसार अंग चाटून काढले. सायंकाळपर्यंत त्याच्या तोंडातून लाळ गळू लागली व अंग थरथरू लागले. पशुवैद्यांच्या तातडीच्या उपचारांनी ते वाचले. दोष त्या बाईंचा नव्हता. घरात मांजर आहे काय, हे आम्ही विचारलेच नव्हते. शिवाय पंधरा दिवसांनी कुत्र्याच्या अंगावर गोचिडी पूर्वीइतक्याच होत्या. म्हणजे उपायाने अपाय झाला आणि व्याधीही हटला नाही. असे का घडले, याचे उत्तर आम्हांस चरकाचार्यांच्या विमानस्थानातच सापडले.

शास्त्रोक्त सूत्र

चरकसंहितेत बाह्य कृमींच्या गणनेत यूका व पिपीलिका यांचा उल्लेख आहे. गोचीड व पिसू यांची नावे त्यात नाहीत. परंतु बाह्य कृमींचा हेतू म्हणून सांगितलेले 'मृजावर्जन', म्हणजे स्वच्छतेचा त्याग, आणि सर्व कृमींसाठी सांगितलेली त्रिविध चिकित्सा या दोन्ही गोष्टी येथे तंतोतंत लागू पडतात. प्रथम अपकर्षण, म्हणजे हाताने वा उपकरणाने कृमी काढणे. नंतर प्रकृतिविघात, म्हणजे कृमीस प्रतिकूल द्रव्यांचा प्रयोग. आणि शेवटी निदानपरिवर्जन, म्हणजे ज्या कारणांनी कृमी वाढतात त्यांचा त्याग. आमची चूक अशी की आम्ही केवळ मधली पायरी धरली, आणि तीही प्राण्याच्या त्वचेपुरतीच. कृमीचे मुख्य वसतिस्थान मात्र अन्यत्र होते.

कृमीचे जीवनचक्र

पिसवेचा विचार प्रथम करू. कुत्र्या-मांजरांवर आढळणाऱ्या पिसवेची मादी प्राण्याचे रक्त पिऊन दिवसाला चाळीस-पन्नासपर्यंत अंडी घालते. ही अंडी गुळगुळीत असल्याने केसांत टिकत नाहीत; प्राणी जेथे बसतो, झोपतो तेथे गळून पडतात. त्यांतून निघालेल्या अळ्या अंधाऱ्या, दमट जागी राहून प्रौढ पिसवांच्या विष्ठेतील वाळलेल्या रक्तावर वाढतात व पुढे कोषात जातात. कोषातील पिसू आठवडे, प्रसंगी महिनेही स्वस्थ राहू शकते. पावलांची कंपने, उष्णता व श्वासातील कर्बद्विप्राणिद वायू यांची जाणीव होताच ती बाहेर पडते. बंद घर सुटीनंतर उघडताच पिसवा पायांवर तुटून पडतात, याचे कारण हेच. एकूण संख्येच्या सुमारे पाच टक्केच पिसवा प्राण्याच्या अंगावर असतात. उरलेली प्रजा अंडी, अळी व कोष या रूपांत घरात असते.

गोचिडीचे चक्र निराळे, पण तात्पर्य तेच. आपल्याकडील कुत्र्यांवर प्रामुख्याने आढळणारी तपकिरी गोचीड आयुष्यात तीन वेळा रक्त पिते : सहा पायांच्या अळी-अवस्थेत, आठ पायांच्या अप्रौढ अवस्थेत आणि प्रौढावस्थेत. प्रत्येक वेळी पोट भरले की ती खाली गळते व फटीत जाऊन कात टाकते. रक्त पिऊन फुगलेली मादी भिंतीवर चढून भेगांत, चौकटीमागे किंवा छताच्या सांध्यात हजारोंनी अंडी घालून मरते. रक्ताविना अनेक महिने जगण्याची क्षमता प्रौढ गोचिडीत असते. गाई-म्हशींवरील एक प्रमुख गोचीड मात्र आपल्या तिन्ही अवस्था एकाच जनावरावर काढते. अंडी घालण्यास ती गोठ्याच्या जमिनीवर उतरतेच.

तेव्हा प्राण्याच्या अंगावर दिसते तो वृक्षाचा शेंडा. मूळ घर, गोठा व अंगणात आहे.

हा केवळ खाजेचा प्रश्न नव्हे

गोचिडीमुळे कुत्र्यांत एर्लिकिया व बबेसिया यांचे ज्वर उद्भवतात. नाकातून रक्त येणे, पांडुता, अन्नद्वेष अशी लक्षणे दिसून कुत्रे दगावतात. जनावरांत बबेसिया व थायलेरिया यांनी दूध आटते व प्राणही जातो. मनुष्यास गोचिडीपासून टिक टायफस होतो.

माकडतापाचा, अर्थात क्यासनूर फॉरेस्ट डिसीजचा, विषाणू १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात सापडला. रानातील हिमाफायसॅलिस जातीच्या गोचिडी, विशेषतः त्यांची अप्रौढ अवस्था, तो पसरवितात. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात व २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात या ज्वराचे उद्रेक झाले. काजूच्या बागांत काम करणारे, सरपण व पातेरा गोळा करणारे लोक त्यात विशेषत्वाने सापडले. साधारणतः डिसेंबर ते मे हा याचा काळ. रानात चरून आलेली जनावरे व सोबत गेलेला कुत्रा या गोचिडी अंगणापर्यंत आणू शकतात.

पिसवेबाबत महाराष्ट्राची स्मृती जुनी आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला. उंदरावरील पिसू हा त्याचा वाहक आहे, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखविले. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला येथे ग्रंथिक प्लेगची नोंद झाली. उंदीर मेला की पिसवा त्यास सोडून दुसरे उष्ण शरीर शोधतात. म्हणून घरात अनेक उंदीर अचानक मरून पडल्यास हात न लावता आरोग्य खात्यास कळवावे, हे रुग्णांना सांगणे आपले कर्तव्य होय.

अपकर्षण

चिकटलेली गोचीड काढण्यास सुश्रुतोक्त संदंश यंत्राचेच आधुनिक रूप, म्हणजे बारीक टोकाचा चिमटा, उत्तम. गोचीड त्वचेच्या अगदी लगत, तोंडाजवळ पकडावी आणि न पिळता सावकाश सरळ ओढावी. तिच्यावर रॉकेल, तेल वा चुना टाकणे, जळती काडी लावणे हे प्रघात त्याज्य आहेत. त्याने डिवचलेली गोचीड आपली लाळ व पोटातील द्रव जखमेत सोडण्याचा संभव वाढतो. ती नखांवर चिरडू नये. साबणाच्या पाण्यात वा स्पिरिटमध्ये टाकावी. दंशस्थान व हात साबणाने धुवावेत आणि दंशाची तारीख लिहून ठेवावी. कुत्र्याचे कान, मान, काख व बोटांमधील बेचके ही शोधाची मुख्य स्थाने. पिसवांसाठी दाट दातांची फणी फिरवून ती साबणाच्या पाण्यात बुडवावी.

प्रकृतिविघात

येथे वैद्यांनी विशेष सावध असावे. कडुनिंबातील द्रव्ये कीटकाच्या कात टाकण्यात व प्रजननात अडथळा आणतात. परंतु हे कार्य मंद आहे, चिकटलेली गोचीड त्याने तत्काळ सुटत नाही. काश्यपसंहितेतील धूपकल्पाबद्दल आम्हांस आदर आहे. तथापि धूर भिंतीच्या खोल भेगेत वा कोषात पोहोचत नाही, आणि घरातील श्वासरोग्यास मात्र तो पोहोचतो.

काही द्रव्ये निश्चितपणे टाळावीत. सीताफळाच्या बियांचे चूर्ण डोळ्यांत गेल्यास नेत्रास गंभीर इजा होते. तंबाखूचा काढा त्वचेतून शोषला जाऊन विषबाधा करतो. कापूर, निलगिरी यांसारखी उडनशील तेले मांजराच्या यकृतास नीट पचविता येत नाहीत. लसूण कुत्र्या-मांजरांच्या रक्तकणांचा नाश करते. प्राणी अंगास लावलेले चाटतोच. म्हणून त्याच्याबाबत बाह्य प्रयोग हा आभ्यंतर प्रयोगच समजावा.

आधुनिक गोचीडनाशके प्रभावी आहेत. पण त्यांची निवड व मात्रा पशुवैद्यांनीच ठरवावी. कुत्र्यासाठीचे परमेथ्रिनयुक्त औषध मांजरास लावल्यास मृत्यू ओढवतो. फिप्रोनिल सशास घातक आहे. काही जातींच्या कुत्र्यांना आयव्हरमेक्टिन सोसत नाही. येथे 'पशुवैद्यांकडे जा' असे सांगणे यात आपल्या शास्त्राचा कमीपणा नाही.

निदानपरिवर्जन

आमच्या मते सर्वाधिक भर येथे हवा. घरातील सर्व प्राण्यांचे उपचार व परिसराची स्वच्छता एकाच दिवशी सुरू करावी; एक प्राणी वगळल्यास तोच पुनरुद्भवाचा हेतू ठरतो.

घरात : प्राण्याचे अंथरूण आठवड्यातून एकदा कढत पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे. कोपरे, पलंगाखालची जागा, सतरंज्या रोज झाडाव्यात व केर लगेच घराबाहेर न्यावा. भिंतीच्या व फरशीच्या भेगा बुजवाव्यात.

गोठ्यात : शेण-मूत्राचा निचरा करावा, गव्हाणीमागच्या फटी लिंपून चुन्याची सफेदी द्यावी. नवीन आणलेले जनावर तपासून, काही दिवस वेगळे बांधावे. कोंबड्या गोचिडी वेचून खातात, हा जुना अनुभव खरा आहे. मात्र औषध फवारलेल्या गोठ्यात त्यांना लगेच सोडू नये.

अंगणात : गवत कापावे, पातेरा साचू देऊ नये, लाकडांचा व दगडांचा ढीग घरापासून दूर ठेवावा. पिसवेच्या अळीस आर्द्रता लागते. झाडांच्या खालच्या फांद्या छाटून ऊन जमिनीपर्यंत आणणे हा बिनखर्चाचा कृमिघ्न उपाय होय. उंदरांची बिळे बुजवावीत.

रानात जाणाऱ्यांनी पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, पायजम्याची टोके मोज्यांत खोचावीत व परतताच उष्ण पाण्याने स्नान करून अंग तपासावे.

हा क्रम किमान तीन महिने चालू ठेवावा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत कोषांतून नव्या पिसवा निघतच राहतात. त्यामुळे उपाय फसला असे वाटून कुटुंब तो सोडून देते. हे आधीच समजावून सांगावे.

वैद्यांचे कर्तव्य

ज्वराच्या प्रत्येक रुग्णास गोचीड चावली काय, रानात गेला होता काय, घरी जनावर आहे काय, हे तीन प्रश्न विचारावेत. तीव्र शिरःशूल, अंगमर्द, पुरळ, त्वचेवर काळी खपली, घटलेल्या प्लेटलेट किंवा रक्तस्राव यांपैकी काही आढळल्यास केवळ डेंग्यू समजून थांबू नये. रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. टिक टायफसवर डॉक्सीसायक्लिन वेळेत मिळाल्यास रुग्ण लवकर बरा होतो. विलंब प्राणघातक ठरू शकतो. माकडतापावर विशिष्ट औषध नाही, म्हणून तेथे लवकर निदान व रुग्णालयीन परिचर्या हाच आधार होय.

उपसंहार

वर सांगितलेल्या कुटुंबाकडे आम्ही पुढे स्वतः गेलो. कुत्र्याच्या बांधण्याच्या जागेमागे मातीच्या भिंतीला भेगा होत्या. काडीने उकरताच त्यांत अंड्यांचे पुंजके व कात टाकलेल्या गोचिडी निघाल्या. भिंत लिंपली, जागा बदलली, पशुवैद्यांनी कुत्र्यास औषध दिले. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांच्याकडून गोचिडीची तक्रार आली नाही. मांजरही आता ठणठणीत आहे. आमच्या औषधपत्रिकेवर मात्र तेव्हापासून एक रकाना वाढला आहे : 'घरातील प्राणी कोणते?' वैद्यबंधूंनी व भगिनींनीही तो आपल्या पत्रिकेवर वाढवावा, अशी आमची नम्र सूचना आहे.