कॉर्व्हेटचे दिवे आणि जीपचा ब्रेक
(जानेफळ येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

मंडळी, गाडीचे दिवे हवेच्या दाबाने वर येतात असं सांगितलं तर पटणार नाही. पण 1968 ते 1982 या काळातल्या शेवरोले कॉर्व्हेटचे हेडलाईट पुढच्या पत्र्याखाली मिटलेले असत आणि लाईटचा स्विच ओढला की व्हॅक्युमवर वर येत. जानेफळात ही गाडी कुठून दिसणार? तरीही विषय आपलाच आहे. मेहकर-खामगाव रस्त्यावर धावणाऱ्या जीपच्या ब्रेकमागे हेच तत्त्व काम करतं.

आधी एक गैरसमज काढू. व्हॅक्युम ओढत नाही, बाहेरची हवा ढकलते. तिचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण 1 किलो. पेट्रोल इंजिन स्लोवर असताना थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, पिस्टनला हवी तेवढी हवा मिळत नाही, म्हणून मॅनिफोल्डमधला दाब घटतो. तिथून पाइप एका टाकीकडे, मग स्विच, रिले आणि शेवटी प्रत्येक दिव्यामागची रबरी पडद्याची डबी. पडदा 10 सेंटिमीटर व्यासाचा धरा. दोन बाजूंच्या दाबात 600 ग्रॅमचा फरक असला तरी जोर 45 किलोंच्या वर जातो. (1962 च्या लोटस एलानमध्ये तर चेसिसचा पुढचा पोकळ आडवा भागच टाकी म्हणून वापरला होता. मला ही युक्ती फार आवडते.)

आता दिवे अडले तर? लगेच नवी डबी आणू नका. दोन्ही दिवे सुस्त असतील तर दोष सामाईक भागात: टाकी, स्विच किंवा मॅनिफोल्डचा पाइप. एकच अडत असेल तर त्याच बाजूचा रिले, डबी नाहीतर पाइप. स्लोवर नीट आणि रेस दिल्यावर ढेपाळतात? मग नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बघा. थ्रॉटल उघडला की मॅनिफोल्डमधला व्हॅक्युम पडतो, त्या वेळी टाकीतला साठा हाच व्हॉल्व्ह राखतो. तो काढून फुंका, हवा एकाच दिशेने जायला हवी. पाइप एकेक करून चिमटीत दाबा; जो दाबल्यावर सूं-सूं थांबते, गळती त्याच्या पुढे. जुनं रबर टोकाशीच चिरतं, तेवढं टोक कापून पुन्हा बसवलं तरी बऱ्याचदा भागतं.

जीपचं थोडं वेगळं. जुन्या डिझेल इंजिनाला थ्रॉटल नसतो, त्यामुळे व्हॅक्युमही नसतो. त्यासाठी वेगळा पंप, बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरच्या मागे. इंजिन बंद करून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, मग पाय दाबून ठेवूनच इंजिन चालू करा. पॅडल किंचित खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. कडकच राहिलं तर पाइप, व्हॉल्व्ह, पंप या क्रमाने बघा. पॅडल दाबताच आत सतत फुसफुस ऐकू आली तर पडदा फाटलेला असू शकतो.

डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडणारे आपल्याकडे आहेत. दिव्याच्या टाकीसारखाच बूस्टरमधला साठाही मोजका. दोन-तीनदा पाय दाबला की संपला. मग ब्रेक लागतो, पण सगळा जोर तुमच्या पायाचा, आणि भरलेल्या गाडीला तो पुरत नाही.

पंप बदलूनही तो लवकर खराब होत असेल तर त्याला इंजिन ऑइल देणारी बारीक नळी तपासा. ती चोंदली की नवा पंपही कोरडा फिरून झिजतो.