गर्दीतली हाक आणि पेटंट

एकादशीला नेवाशात पैस खांबाच्या दर्शनाला गर्दी लोटली, की फोन लवकर लागत नाही. त्याचे एक कारण अगदी पहिल्या पायरीवर असते. फोन टॉवरला आधी नुसती हाक देतो. फोर-जीच्या एका सेलमध्ये अशा हाकांचे नमुने ६४च. दोघांनी एकदम एकच उचलला, की टक्कर!

ती टाळणाऱ्या युक्तीला पेटंट मिळेल? नेवाशातला अर्ज मुंबई कार्यालयात जातो. परीक्षक नावीन्य पाहतोच, पण खरी मेख कलम ३(के)ची. निव्वळ गणिती पद्धतीला पेटंट नाही. त्या गणिताने टक्कर प्रत्यक्षात कशी घटते, हे पटवावे लागते. शिवाय परीक्षण आपोआप होत नाही. ३१ महिन्यांत वेगळी विनंती केली नाही, तर अर्ज मागे घेतल्याचे धरले जाते.