सात वाटण्या आणि एक रुपया

समजा, जमीन रस्त्यात गेली आणि भरपाईचे दहा लाख रुपये आले. वाटेकरी सात भाऊ. एकेकाला किती?

पाटी घ्या, भागाकार मांडा. उत्तर येतं १,४२,८५७. एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न. एक रुपया उरतो. तो विसरू नका, त्याचं काम पुढं आहे.

दोघा भावांचे पैसे एकत्र घ्यायचे असले, तर दुप्पट करा. २,८५,७१४. तिघांचे ४,२८,५७१. चौघांचे ५,७१,४२८. पाच जणांचे ७,१४,२८५. सहा जणांचे ८,५७,१४२.

नीट बघा. सगळीकडं तेच सहा अंक, आणि क्रमही तोच! रहाटाची गाडगी एकामागून एक वर येतात, तसे ते येतात. फक्त पहिलं गाडगं निराळं. सात जणांचे मात्र ९,९९,९९९ होतात.

जत्रेत कुणी हा 'सिद्ध आकडा' म्हणून कागदावर लिहून विकू लागला, तर पैसे देऊ नका. सिद्धी नाही की मंत्र नाही. सगळं भागाकारात आहे.

दहात सात एकदा. बाकी ३. वरून शून्य उतरवा, झाले तीस. सात चोक अठ्ठावीस, बाकी २. वीस झाले. सात दुणे चौदा, बाकी ६. साठ झाले. सात आठे छप्पन्न, बाकी ४. चाळीस झाले. सात पंचे पस्तीस, बाकी ५. पन्नास झाले. सात साती एकोणपन्नास, बाकी १. हाच तो उरलेला रुपया! त्याच्यापुढं शून्य मांडलं की पुन्हा दहा, आणि रहाट पुन्हा पहिल्यापासून फिरू लागतो. तिघांचा हिशेब तीस लाखांना सातांनी भागून येतो. म्हणजे फेरा तोच, सुरुवात तिसापासून. म्हणून पहिला अंक ४.

आता कामाची गोष्ट. दोघांचे पैसे लिहिताना कुणी चुकून २,८५,१७४ लिहिलं, तर? अंक तेच आहेत, त्यांची बेरीजही तीच. पटकन डोळ्यांना कळायचं नाही. पण ५४० रुपये गेले!

ताळा असा पाहा. आकडा मधोमध तोडा. २८५ आणि ७१४. बेरीज ९९९. तिघांचे घ्या, ४२८ आणि ५७१. बेरीज ९९९. आता चुकलेला आकडा तोडा. २८५ आणि १७४. बेरीज ४५९. चूक सापडली.

हा ताळा प्रत्येक वाटणीला लागतो असं नाही, बरं का. रक्कम नऊ लाख असली किंवा वाटेकरी आठ असले, तर तो लागायचा नाही. तिथं सरळ भागाकारच करावा, आणि अंगठा उठवण्याऐवजी सही करण्याआधी करावा.