भंगारात देण्याआधी

कोकणातल्या जुन्या घरात माळा आवरायला काढला की बिडाची भांडी हमखास निघतात. घावनांचा तवा, सात खळग्यांचं आप्पेपात्र, दोन कानांची कढई. नॉनस्टिक आलं आणि ही जड भांडी मागे पडली. आता त्यांच्यावर तांबूस गंजाचा थर दिसतो आणि भंगारवाल्याला हाक जाते. ती हाक मारण्याआधी एवढं लक्षात घ्यावं: गंजलेलं बीड पुन्हा चुलीवर चढतं, तडकलेलं मात्र चढत नाही.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात कार्बन साधारण 2 ते 4 टक्के असतो. त्यामुळे शुद्ध लोखंड 1538 अंश सेल्सिअसला वितळत असताना बीड 1200 अंशांच्या आसपासच पातळ होतं आणि वाळूच्या साच्यात सहज ओतता येतं. कोल्हापूरच्या फाउंड्र्या याच गुणावर उभ्या राहिल्या. पण त्याच कार्बनमुळे बीड ठिसूळ होतं. हातातून फरशीवर पडलं किंवा तापलेलं असताना त्यावर गार पाणी ओतलं, तर ते तडकतं.

म्हणून जुनं भांडं हाती आलं की आधी त्याचा आवाज ऐकावा. कानाला धरून अधांतरी ठेवावं आणि बोटाच्या पेरानं टिचकी मारावी. खणखणीत नाद आला तर उत्तम. बद्द आवाज आला तर उजेडात धरून केसाएवढी भेग शोधावी.

गंज हलका असेल तर तारेची घासणी पुरते. जुनाट असेल तर व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात भांडं अर्धा तास बुडवावं, काढून घासावं, गरज पडल्यास पुन्हा बुडवावं. रात्रभर ठेवू नये. गंज संपला की आम्ल खालचं लोखंड खायला लागतं. आप्पेपात्राच्या खळग्यांच्या तळाशी जळक्या तेलाचे काळे पापुद्रे घट्ट बसलेले असतात. धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात ते उकळून मऊ करावेत आणि लाकडी उलथन्याच्या टोकानं खरवडावेत. धुऊन झालं की लगेच आचेवर कोरडं करावं, कारण उघडं पडलेलं बीड बघता बघता पुन्हा तांबूस होतं.

आता तेलाचं काम. कडकडीत तापलेलं तेल बिडावर सुकून टणक काळा थर धरतं आणि पदार्थ सुटतो तो या थरामुळे. करडई किंवा सूर्यफुलाचं तेल यासाठी चांगलं. खोबरेल तेलाचा थर नीट धरत नाही. जवसाचा थर कडक होतो, पण त्याचे पापुद्रे सुटण्याची भीती असते. कोमट भांड्याला आतून-बाहेरून तेल लावावं आणि मग लावलंच नव्हतं असं वाटेपर्यंत कोरड्या फडक्यानं पुसून काढावं. जाड थर चिकट राहतो. बहुतेकांचं काम बिघडतं ते इथेच. ओव्हनमध्ये पालथं घालून 230 ते 250 अंशांवर तासभर ठेवावं, आतच निवू द्यावं. असं तीन-चार वेळा करावं. ओव्हन नसेल तर खिडक्या उघडून मध्यम आचेवर धूर विरेपर्यंत तापवावं.

पहिले काही दिवस त्यात कांदा परतावा, थालीपीठ लावावं. घावन घालताना अर्धा कांदा किंवा नारळाची शेंडी तेलात बुडवून फिरवण्याची कोकणातली रीत हा थर रोज थोडा थोडा वाढवते. चिंच, कोकम, टोमॅटो सध्या दूर ठेवावेत; आंबट पदार्थ थर उतरवतो. भांडं पाण्यात भिजत टाकू नये.

बीड तापायला वेळ लावतं, पण तापल्यावर उष्णता धरून ठेवतं. त्यामुळे गार पीठ पडलं तरी तवा थंडावत नाही आणि घावनाला जाळी पडते. शिवाय थोडं लोह अन्नात उतरतं: इथिओपियातल्या मुलांवरचा 1999 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की लोखंडी भांड्यात शिजवलेल्या अन्नानं त्यांचं हिमोग्लोबिन सुधारलं.

तेव्हा माळा आवरताना आजीचा तवा निघाला, तर आधी टिचकी मारून बघा. नाद खणखणीत असेल, तर एका रविवारच्या मेहनतीत तो पुन्हा घावन घालण्याजोगा होतो.