कांदळवनांचे आर्थिक मोल : केंद्रपाड्याचा दाखला

वस्तूचे मोल तिला बाजारात मिळणाऱ्या किमतीवरून ठरवावे, असा व्यवहारातील रूढ प्रघात आहे. खाडीकाठच्या कांदळवनास हा प्रघात लावला, तर हाती फार थोडे लागते : जळण, कुंपणाचे वासे, मध, खेकडे आणि थोडी मासळी. त्यामुळे भरतीच्या चिखलात उभ्या असलेल्या या झाडीची गणना दीर्घकाळ पडीक जमिनीतच होत आली. ती तोडून भातशेत किंवा कोळंबीचे तळे केले, तर उत्पन्न ताबडतोब हिशेबात दिसते. उलटपक्षी, वन उभे राहिल्यामुळे जे नुकसान टळते, त्याची नोंद कोणत्याही बाजारात होत नाही. ही नोंद कशी करावी, हाच कांदळवनांच्या अर्थशास्त्रातील मुख्य प्रश्न होय.

या दृष्टीने ओडिशातील केंद्रपाडा जिल्ह्याचा दाखला उद्बोधक आहे. ब्राह्मणी व वैतरणी या नद्यांच्या मुखाशी भितरकनिकाचे विस्तीर्ण कांदळवन आहे. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आदळले. त्यानंतर रुची बडोला व एस. ए. हुसैन या संशोधकांनी या परिसरातील तीन गावांच्या हानीची तुलना केली व २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कांदळवनाच्या आश्रयास असलेल्या गावी दर कुटुंबामागे सरासरी ३३.३१ अमेरिकी डॉलर इतके नुकसान झाले. वन नाही व बांधही नाही, अशा गावी ते ४४.०२ डॉलर होते. आणि वन नसून केवळ बांध असलेल्या गावी १५३.७४ डॉलर.

बांध असूनही हानी सर्वाधिक व्हावी, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. परंतु बांध पाण्यास अडवितो तसाच कोंडूनही ठेवितो. लाट त्यावरून आली किंवा तो फुटला, म्हणजे आत शिरलेले खारे पाणी सहज माघारी फिरत नाही. पिकासह जमीनही नासते. कांदळवन पाणी सर्वस्वी अडवीत नाही. त्याची मुळे व खोडे प्रवाहाचा वेग मोडतात, आणि ओसरत्या पाण्याची वाट मोकळी राहते. अर्थात एवढ्यावरून बांध निरर्थक ठरत नाहीत. तीन गावांच्या तुलनेवरून सर्वसामान्य नियम बांधणे धाडसाचे होईल.

ही उणीव सौदामिनी दास व जेफ्री व्हिन्सेंट यांच्या २००९ मधील अभ्यासाने बऱ्याच अंशी भरून काढली. याच जिल्ह्यातील ४०९ गावांच्या तपासणीत असे दिसले की, गाव व समुद्र यांमधील कांदळवनाचा पट्टा जितका रुंद, तितके मृत्यू कमी. शासनाने वेळीच दिलेल्या पूर्वसूचनेमुळे याहून अधिक प्राण वाचले, हेही त्यांनी नमूद केले. तथापि उरलेले वन राखणे आर्थिकदृष्ट्या समर्थनीय आहे, आणि त्यासाठी वनाचे इतर लाभ हिशेबात धरण्याचीही गरज नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

इतर लाभही लहान नाहीत. कोळंबी व अनेक जातींच्या माशांची पिले कांदळवनाच्या मुळांत वाढतात आणि पुढे खुल्या समुद्रात पकडली जातात; म्हणजे वनाचे उत्पन्न वनापासून दूर, दुसऱ्याच्या जाळ्यात जमा होते. वादळापासूनचे संरक्षणही आतल्या गावांना मिळते. वनरक्षणाचे निर्बंध मात्र काठच्या कुटुंबांवर पडतात. त्यांचेच जळण व मासेमारी आखडते. लाभ सर्वांचा व भार थोड्यांचा, अशी ही विषम वाटणी आहे.

म्हणून केवळ मोल काढून भागत नाही. ते योग्य हाती पोचले पाहिजे. महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून कांदळवनाकाठच्या ग्रामस्थांसाठी खेकडापालन, कालवपालन व निसर्गपर्यटन यांस साहाय्य देणारी योजना राबविली, ती याच विचाराने. वन उभे असण्यात ज्याची चूल पेटते, तोच ते खऱ्या अर्थाने राखील.