ती रेती राजस्थानची नाही

वैशाखात दुपारी चारच्या सुमारास अकोल्यात मोर्णा नदीवरचं आभाळ काळवंडतं. अंगाची लाही लाही होत असताना एकदम गार वारा सुटतो, टिनाची छपरं वाजू लागतात आणि जुन्या शहरातल्या गल्ल्या धुरळ्याने भरून जातात. मग असदगडापासून राजराजेश्वर मंदिरापर्यंत प्रत्येक ओट्यावर तेच वाक्य ऐकू येतं, "राजस्थानची रेती आली ना बाप्पा!" दरवर्षी ऐकतो आणि दरवर्षी चिडतो, कारण या गैरसमजाने जीव जाऊ शकतो.

जैसलमेर इथून सरळ रेषेत सुमारे ९०० किलोमीटर. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्यालाही पोचायला १५ तास लागतील. मधल्या माळव्याला, निमाडाला चुकवून ती रेती आपल्याच दारात कशी उतरेल? आणि अर्ध्या तासात संपेल कशी? मुळात रेती एवढी उंच उडतच नाही. राल्फ बॅगनॉल्ड या ब्रिटिश अभियंत्याने लिबियाच्या वाळवंटात फिरून, प्रयोगशाळेत वारा सोडून हे मोजलं आणि १९४१ साली पुस्तकात मांडलं. वाळूचा कण उड्या मारत जातो, आणि त्या उड्या बहुतेक जमिनीलगतच्या असतात. दूरवर जाते ती पिठासारखी बारीक धूळ.

उन्हाळ्यातला कोरडा, तापलेला वारा वायव्येकडून येतो हे खरं. गोंधळ तिथूनच होत असावा. पण धूळ आपली आहे. पांदणीत ट्रॅक्टरच्या चाकांखाली दळला गेलेला फुफाटा, उघडी पडलेली वावरं, रस्त्याच्या कडेची माती. वादळानंतर खिडकीतली धूळ बोटावर घ्या, थेंबभर पाणी टाकून चोळा. काळपट, चिकट होते. वाळवंटातली रेती अशी चिकटत नाही.

ही धूळ उठवतो डोक्यावर येणारा ढग. उन्हाळी ढगाचा तळ खूप उंच असतो. त्यातून निघालेले थेंब खालच्या कोरड्या हवेत वाटेतच आटतात. आटताना हवेतली उष्णता शोषून घेतात. गार झालेली हवा जड होते आणि धाडकन खाली येते. अंगणात बादली उपडी केली की पाणी चहूकडे धावतं, तशी ती जमिनीवर आपटून पसरते आणि पुढ्यातली माती उचलते. धुळीआधीचा तो गारवा हाच पुरावा. दिल्लीला वाळवंट किती जवळ! तरी तिथल्या आंधीचं मूळही अशाच गडगडाटी ढगात आहे, हे जोसेफ, रायपाल आणि डेका यांनी १९८० साली हवामान खात्याच्या 'मौसम' नियतकालिकात दाखवलं.

दूरची धूळ येतच नाही असं नाही. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानकडून गुजरातमार्गे आलेली धूळ मुंबईवर पसरली होती. पण ती धुक्यासारखी येते. सूर्य फिका पडतो, दिवस मळकट होतो. भिंतीसारखी अंगावर चालून येत नाही.

हा फरक मी इतका घोकून सांगतो, कारण "रेती आली, जाईल" म्हणणारा माणूस मागून येणारा ढग विसरतो. ९ एप्रिल २०२३ ला बाळापूर तालुक्यातल्या पारसला वादळी पावसात कडुनिंबाचं जुनं झाड मंदिराच्या टिनशेडवर कोसळलं. शेडखाली थांबलेल्यांपैकी ७ जण गेले. धूळ उठली म्हणजे वादळ जवळ आलंच. ते पोचेपर्यंतच्या अवधीत झाड, टिनशेड, जाहिरातीचा फलक सोडून पक्क्या घरात शिरायचं असतं. धुरळ्याच्या वादळात वीज पडत नाही, असंही लोक छातीठोकपणे सांगतात. साफ चूक. ढग तोच, वीजही त्याचीच. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं, विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप मोबाइलवर घेऊन ठेवा.

बाकीचं थोडक्यात. वावटळीत भूत नसतं. तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढताना गिरकी घेते, तेही बहुधा निरभ्र आभाळात, म्हणून वावटळ दिसली की पाऊस येणार हेही खोटं. तोंडाला बांधलेला दुपट्टा जाड धूळ अडवतो, अतिबारीक कण नाही; दम्याच्या माणसाने घरातच थांबावं. आणि डोळ्यात कण गेला तर पदराने चोळू नका, स्वच्छ पाण्याने धुवा.