परतीची वेळ पक्ष्यांना कशी कळते?

मार्च लागला की नांदूर मध्यमेश्वरची थापट्या, तलवार ही पाहुणी बदकं उत्तरेकडे परतायला लागतात, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. पण निघायची वेळ झाली, हे त्यांना कळतं कसं?

थंडी संपली म्हणून, असं उत्तर आपल्या तोंडी पटकन येतं. ते अर्धंच खरं आहे. थंडी एखाद्या वर्षी लवकर ओसरते, एखाद्या वर्षी लांबते; तिच्या भरवशावर हजारो किलोमीटरचा प्रवास आखता येत नाही. दिवसाची लांबी मात्र दरवर्षी त्या त्या तारखेला तेवढीच असते. दिवस मोठा होऊ लागला की पक्ष्याच्या शरीरातली संप्रेरकं बदलतात, भूक वाढते, अंगावर चरबी चढते. ही झाली तयारी.

प्रत्यक्षात कोणत्या रात्री उडायचं, हे बरंचसं हवामानावर ठरतं. साधा हिशेब करू. छोटा पक्षी ताशी 40 किलोमीटर वेगाने उडतो असं धरा. ताशी 20 किलोमीटरचा वारा पाठीशी असेल तर तो 60 ने पुढे सरकतो. तोच वारा समोरून आला तर 20 ने. म्हणजे तेवढ्याच चरबीत तिप्पट अंतर! म्हणूनच उलटा वारा किंवा पाऊस असला की थवे थांबतात, आणि वारा फिरला की एकाच रात्री मोठ्या संख्येने निघतात.

पण इथे एक मेख आहे. पक्ष्याला हवामान कळतं ते तो असतो तिथलं. हजारो किलोमीटरवरच्या मुक्कामाचं नाही. युरोपातल्या पाइड फ्लायकॅचरचं उदाहरण घेऊ. हा चिमुकला पक्षी हिवाळा पश्चिम आफ्रिकेत काढतो आणि नेदरलँड्सच्या जंगलांत, झाडांवरच्या अळ्या भरवून पिल्लं वाढवतो. तिथला वसंत उबदार होत गेला, तशा अळ्या लवकर येऊन लवकर संपू लागल्या. ख्रिस्तियान बोथ आणि मार्सेल व्हिसर यांनी 2001 साली दाखवलं, की या पक्ष्यांनी अंडी घालायची घाई केली खरी, पण ती पुरेशी नव्हती. कारण येण्याची वेळ बदललीच नव्हती. पुढे 2006 च्या अभ्यासात, जिथे अळ्या सगळ्यात लवकर येतात त्या भागांत, दोन दशकांत हे पक्षी सुमारे 90 टक्क्यांनी घटलेले आढळले.

तेव्हा पाणथळीवरची शेवटची बदकं कधी दिसली हे लिहिताना, त्या दिवसांतला वारा आणि पाऊसही आपण लिहून ठेवू या. एका वर्षी आठवडाभर मागेपुढे झालं, तर तो वाऱ्याचा खेळ असू शकतो. वीस वर्षांच्या नोंदी एकाच बाजूला सरकत गेल्या, तर मात्र कारण शोधायलाच हवं.